उसातला बिबट्या आणि बदललेलं रान: प्राण्यांवरचा ताण, त्यांची वागणूक आणि त्यांची आपापसातली नाती यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर या चार तालुक्यांत बिबट्याचा विषय निघाला नाही असा आठवडा जात नाही. कुणाची शेळी गेलेली असते, कुणाचा कुत्रा, आणि काही घरांत तर लेकरू गेलेलं असतं. त्या घरांचं दुःख विसरून या विषयावर बोलता येत नाही आणि बोलूही नये. पण माणसाने परिसर बदलला की प्राण्याच्या अंगात, त्याच्या दिनक्रमात आणि इतर प्राण्यांशी असलेल्या त्याच्या नात्यात काय बदलतं, हे समजल्याशिवाय उपायही सापडणार नाही. म्हणून गावागावांत पुन्हा पुन्हा विचारले जाणारे प्रश्न इथे घेतले आहेत. उत्तरं बरीचशी बिबट्याभोवती फिरतात, कारण आपल्याकडे हा बदल सगळ्यात ठळक त्याच्यातच दिसतो.

बिबट्या जंगल सोडून उसात का आला?

आज उसात फिरणाऱ्या बहुतेक बिबट्यांनी जंगल सोडलेलं नाही, कारण ते कधी जंगलात राहिलेलेच नाहीत. त्यांचा जन्म उसातला. कुकडी प्रकल्पाची धरणं झाली, माणिकडोह, येडगाव, डिंभे, वडज, पिंपळगाव जोगे. कालव्याचं पाणी फिरलं आणि जिथे बाजरी-हुलगा व्हायचा तिथे बारमाही ऊस उभा राहिला. आडसाली ऊस वावरात सोळा-अठरा महिने असतो. आत सावली, गारवा, जवळ पाणी, आणि सहसा माणूस शिरत नाही. मादीला पिल्लं घालायला यापेक्षा निवांत जागा कोणती? बांधावर भटकी कुत्री, वस्तीवर कोंबड्या-शेळ्या, उसात रानडुकरं. आपण पाणी आणलं, त्यातून ऊस आला आणि उसाने बिबट्याला घर दिलं.

नगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅमेरा ट्रॅप (प्राणी समोरून गेला की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे) लावून केलेला अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. जिथे चौरस किलोमीटरला तीनशेहून जास्त माणसं राहतात त्या शेतीच्या पट्ट्यात, १०० चौरस किलोमीटरमागे सुमारे पाच प्रौढ बिबटे आणि साधारण तितकेच तरस निघाले. ना अभयारण्य, ना दाट झाडी. त्यामुळे "जंगलातला प्राणी गावात घुसला" हे वाक्य या भागापुरतं तरी सोडून द्यायला हवं. तो गावाच्या शिवारातच राहतो.

तोडणी सुरू झाली की त्रास का वाढतो?

कारण एका आठवड्यात त्याचं घर जमीनदोस्त होतं. दिवाळीच्या आगेमागे कारखान्यांची धुराडी पेटतात आणि उसाचे फड मोकळे होऊ लागतात. काल जिथे दोन पुरुष उंच ऊस होता तिथे आज पाचट पडलेलं असतं. मादी पिल्लांना तोंडात धरून शेजारच्या उभ्या उसात नेते. तोही तुटतो. मग पुन्हा हलायचं. या धावपळीत ती दिवसाउजेडी दिसते, माणसाच्या समोर येते आणि पिल्लं जवळ असतील तर बिथरते. त्याच दिवसांत बीडकडून आलेल्या ऊसतोड कामगारांच्या कोप्या फडाच्या कडेला असतात. दार नाही, भिंत नाही, पोरं जमिनीवर झोपलेली. धोका सगळ्यात जास्त त्यांनाच असतो, आणि गावच्या बैठकीत त्यांच्या वतीने बोलणारं सहसा कुणी नसतं.

प्राण्याला "ताण" येतो म्हणजे नेमकं काय होतं?

धोका दिसला की मेंदूकडून मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथींना निरोप जातो आणि रक्तात कॉर्टिसॉल हे संप्रेरक (हार्मोन) वाढतं. पक्ष्यांमध्ये हेच काम प्रामुख्याने कॉर्टिकोस्टेरॉन करतं. रक्तातली साखर वाढते, स्नायू तयार होतात, आणि पचन, वाढ, प्रजनन ही कामं थोडी मागे ढकलली जातात. हे चांगलंच आहे. भेकराच्या मागे कोळसुंदे (रानकुत्री) लागले तर त्याला त्या क्षणी पळण्यापलीकडे काही नको असतं. धोका टळला की संप्रेरक उतरतं आणि भेकर पुन्हा चरू लागतं.

घोटाळा होतो तो हा निरोप थांबतच नाही तेव्हा. रोज गाड्या, रोज कुत्री, रोज दिवे, रोज माणसं. "नंतर बघू" म्हणून मागे ठेवलेली कामं मागेच राहतात. रोगप्रतिकारशक्ती घटते, माज येण्याचं चक्र बिघडतं, पिल्लं कमी जगतात. बाहेरून पाहणाऱ्याला प्राणी धडधाकट दिसतो.

जंगली जनावराचा ताण मोजतात कसा? त्याला पकडलं तर ताण वाढणारच ना?

वाढतोच. म्हणून अभ्यासक त्याची विष्ठा गोळा करतात. कॉर्टिसॉल शरीरात वापरलं गेलं की त्याचे अवशेष विष्ठेतून बाहेर पडतात, आणि त्यांच्या प्रमाणावरून गेल्या काही तासांचा किंवा दिवसाचा अंदाज येतो. केस आणि पिसांवरून त्याहून लांबचा काळ कळतो. हैदराबादच्या सीसीएमबी (पेशीय व रेणवीय जीवशास्त्र केंद्र) या संस्थेत वाघांवर असं बरंच काम झालं आहे.

समुद्रातलं एक उदाहरण मला फार महत्त्वाचं वाटतं. कॅनडाजवळच्या फंडीच्या उपसागरात शास्त्रज्ञ राइट व्हेल जातीच्या देवमाशांची विष्ठा गोळा करत होते. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर जहाजांची ये-जा एकदम घटली, पाण्यातला आवाज सुमारे सहा डेसिबलने उतरला आणि देवमाशांच्या विष्ठेतले ताणाचे अवशेषही त्याबरोबर कमी झाले. असा प्रयोग मुद्दाम ठरवून कुणाला करता आला नसता. जहाजांची घरघर त्यांना सोसवत नाही, हे ती थांबल्यावर कळलं.

जंगल सफारीचा वाघांवर परिणाम होतो का?

होतो. कान्हा आणि बांधवगड इथल्या वाघांच्या विष्ठेच्या तपासणीत पर्यटनाच्या हंगामात ताणाचं प्रमाण बिगरहंगामापेक्षा जास्त आढळलं. म्हणून सफारी बंदच करा असं मी म्हणणार नाही, कारण त्या पैशावर अनेक गावांची चूल पेटते आणि वाघाच्या बाजूने उभी राहणारी माणसंही त्यातूनच तयार होतात. पण एका वाघाभोवती जिप्सींचा गराडा घालणं, त्याची वाट अडवणं, "अजून थोडं पुढे घ्या" म्हणून गाइडच्या मागे लागणं हे पाहुण्यांच्या हातात असतं आणि ते थांबवता येतं. ताडोबात किंवा पेंचला जाल तेव्हा गाडी लांब थांबवायला सांगा. गाइडला ते हवंच असतं, फक्त सांगणारा गिऱ्हाईक भेटत नाही.

प्राणी हळूहळू सरावतात ना? मग ताण कसला?

काही सरावतात, आणि म्हणूनच हा विषय सोपा नाही. दक्षिण भारतात हत्तींच्या विष्ठेवर झालेल्या एका अभ्यासात, पिकात शिरणाऱ्या हत्तींमध्ये ताणाची पातळी जंगलातल्या हत्तींपेक्षा कमी निघाली. कारण बहुधा पोटाचं आहे: भात, ऊस, केळी यांच्याइतका सकस चारा जंगलात मिळत नाही. म्हणजे पिकातला हत्ती "हैराण होऊन" आला असेलच असं नाही, तो खुशीतही असू शकतो. पण त्या खुशीची किंमत फटाके, विजेची तार आणि लोकांचा राग. सिंधुदुर्गात दोडामार्गकडे २००२ पासून कर्नाटकातून हत्ती येऊ लागले. तिथल्या माड-पोफळीच्या बागायतदाराला या अभ्यासाचं काही सोयरसुतक नसणार, आणि त्याचं चुकतं असं कोण म्हणेल? एवढंच लक्षात ठेवावं की रक्तातलं कॉर्टिसॉल कमी आहे म्हणून प्राण्याचं बरं चाललंय असा अर्थ लगेच काढता येत नाही.

बिबट्या, रानडुक्कर, तरस हे रात्रीचेच का फिरतात?

बऱ्याच अंशी आपल्यामुळे. २०१८ मध्ये जगभरातल्या ६२ सस्तन प्राण्यांच्या नोंदी एकत्र करून एक अभ्यास झाला. माणसाचा वावर जिथे जास्त तिथे प्राण्यांचं रात्रीचं फिरणं सरासरी १.३६ पट झालं होतं. एखादा प्राणी आधी निम्मा दिवसा आणि निम्मा रात्री वावरत असेल, तर तो आता अडुसष्ट टक्के रात्रीचा झाला. शिकार असो, शेती असो की नुसती डोंगर चढणारी माणसं, परिणाम जवळपास सारखाच. आपण काही न करता फक्त तिथून चाललो, तरी त्याला ते धोक्याचंच वाटतं.

अकोले तालुक्यात बिबट्यांना जीपीएसचे पट्टे लावले तेव्हा हेच दिसलं. दिवसभर आडोशाला, आणि रात्री माणसं झोपली की घरांच्या अगदी जवळून फेरी. जागा तीच, वेळ वेगळी. आपण दिवसपाळी धरली आणि त्याने रात्रपाळी.

हा समझोता जिथे मोडतो तिथे माणूस मरतो. शेतीला थ्री फेज वीज रात्री मिळाली की शेतकऱ्याला अंधारात उसाला दारं धरायला, म्हणजे पाणी द्यायला, जावं लागतं. एक बॅटरी, वाकलेली पाठ आणि चारी बाजूंनी ऊस. वाकलेला किंवा बसलेला माणूस बिबट्याला लहान जनावरासारखा भासतो. दिवसा वीज द्या ही या पट्ट्यातली मागणी सोयीसाठी केलेली नाही, ती जीव वाचवण्यासाठी आहे. शेकडो पिंजऱ्यांनी जे होत नाही ते फीडरच्या (शेतीला वीज पुरवणाऱ्या वाहिनीच्या) वेळापत्रकाने होऊ शकेल असं मला मनापासून वाटतं.

मग बिबट्या पकडून लांब जंगलात का सोडत नाहीत?

सोडून पाहिलं आहे, आणि त्याचा हिशेब मांडलेला आहे. २००१ च्या सुरुवातीपासून जुन्नर वनविभागात मोठ्या प्रमाणावर बिबटे पकडून दूर सोडले गेले. त्याआधी तिथे माणसांवर वर्षाला सरासरी चार हल्ले होत. ही मोहीम सुरू झाल्यावर ते सतरावर गेले. हल्ल्यांत माणूस दगावण्याचं प्रमाणही १८ टक्क्यांवरून ३६ टक्के झालं. जळगाव जिल्ह्यातल्या यावलच्या बाजूला, जिथे असे हल्ले होत नसत, तिथेही बिबटे सोडल्यानंतर हल्ले झाले.

याचं कारण प्राण्याच्या बाजूने पाहिलं की उलगडतं. पिंजऱ्यात तो गजांवर डोकं आपटतो, सुळे तुटतात, भोवती शेकडो लोक मोबाईल घेऊन उभे असतात. मग गाडीतून लांब नेऊन त्याला अशा जागी सोडतात जिथे त्याला पाणवठा माहीत नाही, आडोसा माहीत नाही, आणि तिथला हद्दीचा मालक बिबट्या वेगळाच. तुटक्या सुळ्यांचा, गांगरलेला, भुकेला प्राणी परत फिरतो. वाटेत अशी गावं लागतात की जिथल्या लोकांना बिबट्याबरोबर राहायची सवय नाही. इकडे त्याची मोकळी झालेली हद्द कुणी नवखा तरुण बिबट्या घेतो. ज्याला कोणत्या वस्तीवर माणसं किती वाजता झोपतात हे ठाऊक होतं तो गेला, आणि ज्याला काहीच ठाऊक नाही तो आला.

पारनेर तालुक्यातल्या टाकळी ढोकेश्वरला विहिरीत पडलेल्या एका नर बिबट्याला २००९ मध्ये पट्टा लावून माळशेज घाटात सोडलं. अभ्यासक त्याला आजोबा म्हणत. तो मुंबई-आग्रा महामार्ग, कसाऱ्याचा रेल्वेमार्ग, वसईची औद्योगिक वसाहत असं सगळं ओलांडत सुमारे १२० किलोमीटर चालून मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानापर्यंत गेला. वाटेत त्याने कुणाला इजा केली नाही. २०११ च्या डिसेंबरात मुंबई-अहमदाबाद महामार्गावर गाडीच्या धडकेत तो मेला. त्याची ओळख अंगातल्या मायक्रोचिपवरून पटली.

माणसावर हल्ला करणाऱ्या बिबट्यालाही सोडून द्यायचं?

नाही. ज्याने माणूस मारला आहे आणि जो पुन्हा मारण्याची शक्यता आहे तो प्राणी तिथून कायमचा हलवलाच पाहिजे, आणि लवकर. गावाचा धीर सुटल्यावर सगळ्याच बिबट्यांवर विषप्रयोग होतात. अट एकच, तो तोच असला पाहिजे. ठसे, कॅमेरा, लाळेचे नमुने यांवरून ओळख पटवायला हवी. सापडेल तो बिबट्या पिंजऱ्यात घातल्याने राग शमतो, पण खरा हल्लेखोर बाहेरच राहू शकतो. जुन्नरजवळच्या माणिकडोह निवारा केंद्रात असे पकडलेले अनेक बिबटे जन्मभरासाठी राहतात. तिथली जागाही अमर्याद नाही.

कुत्र्यांचा या सगळ्याशी काय संबंध?

फार जवळचा. अकोले तालुक्यात बिबट्याच्या विष्ठेवरून त्याचं खाणं तपासलं, तेव्हा वजनाच्या हिशेबात ८७ टक्के भक्ष्य पाळीव किंवा माणसाच्या आधाराने जगणारं निघालं आणि एकटी कुत्रीच ३९ टक्के. आपल्याला शेळी गेलेली दिसते, कारण तिला धनी असतो आणि तिचा पंचनामा होतो. भटकं कुत्रं गेलं की कोण मोजतं? मुंबईतही उद्यानाच्या कडेने राहणारे बिबटे वर्षाला सुमारे दीड हजार भटकी कुत्री खात असावेत असा अंदाज २०१८ मध्ये अभ्यासकांनी मांडला.

आता या कुत्र्यांची संख्या इतकी कशी वाढली, हे विचारलं की गोष्ट गिधाडांपाशी जाते. १९९० च्या दशकात जनावरांना सर्रास डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक दिलं जाऊ लागलं. ते टोचलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं की त्यांची मूत्रपिंडं निकामी होत. पांढऱ्या पाठीची गिधाडं देशातून ९९ टक्क्यांहून जास्त संपली. २००६ मध्ये जनावरांसाठी या औषधावर बंदी आली, पण तोवर उशीर झाला होता. गावाबाहेर टाकलेलं ढोर जे तासाभरात साफ व्हायचं ते कुजत पडू लागलं, आणि ते खायला कुत्री आली. कुत्री वाढली, रेबीज वाढला. आणि कुत्री जिथे भरपूर तिथे बिबट्याला रान शोधायची गरज उरत नाही. गोठ्यातल्या गाईला टोचलेलं इंजेक्शन आणि अंगणातला बिबट्या यांत इतकं अंतर आहे, तरी धागा सलग आहे.

त्यात आता कोंबड्यांची घाण, हॉटेलांचा उरलासुरला माल, लग्नाच्या पत्रावळी, सगळं रस्त्याकडेला. बिबट्या हटवा म्हणणाऱ्या गावाने आधी उकिरडा हटवून पाहावा.

कुत्र्यांमुळे इतर प्राण्यांचं काय होतं?

पुणे, सोलापूरच्या माळरानांवर भटकी कुत्री चिंकारा आणि सशांच्या मागे लागतात आणि जमिनीवर घरटं करणाऱ्या पक्ष्यांची अंडी खातात. डिस्टेंपरसारखे रोग ती लांडग्या-कोल्ह्यांपर्यंत नेतात. पुण्याजवळच्या माळावर लांडगा आणि कुत्रा यांचा संकर झाल्याचं जनुकीय तपासणीतून सिद्ध झालं आहे. माळ तुटत चालले, लांडग्यांचे कळप विस्कटले आणि जोडीदार मिळेना, की असं होतं. धनगरांच्या वाड्याभोवती पिढ्यान्‌पिढ्या फिरणारा लांडगा बंदुकीशिवायही संपू शकतो, आणि याकडे मला वाटतं आपलं पुरेसं लक्ष नाही.

दिवे आणि आवाज यांचा इतका बाऊ का?

रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवाची पिल्लं वाळूतून बाहेर आली की उजळ क्षितिजाकडे धावतात. अंधाऱ्या किनाऱ्यावर सगळ्यात उजळ समुद्रच असतो. मागे रिसॉर्टचा दिवा लागला की ती उलटी चालू लागतात. किनाऱ्याकडचे दिवे हंगामात बंद ठेवणं किंवा झाकणं एवढंच करायचं असतं. शिवाय वाळूचं तापमान जितकं जास्त तितक्या पिल्लांत माद्या जास्त, त्यामुळे उष्मा वाढत गेला तर नरांचा तुटवडा ही पुढची चिंता. आवाजाबद्दल देवमाशांचं वर आलंच आहे. नेदरलँड्समधल्या लायडन शहरात गजबजलेल्या रस्त्यांकडेचे ग्रेट टिट पक्षी वाहनांच्या घरघरीतून ऐकू जावं म्हणून वरच्या पट्टीत गातात, हे २००३ मध्ये दाखवलं गेलं.

रस्ते तर लागणारच. मग करायचं काय?

खालून वाट ठेवायची. नागपूर-सिवनी दरम्यान राष्ट्रीय महामार्ग ४४ पेंच व्याघ्र प्रकल्पातून जातो. न्यायालयात बरीच वर्षं लढाई झाल्यावर तिथे प्राण्यांसाठी रस्ता उचलून घेतला गेला आणि त्याखाली भुयारी मार्ग व पूल मिळून नऊ वाटा ठेवल्या. त्यातली सगळ्यात रुंद ७५० मीटरची. कॅमेऱ्यांत वाघांसह अठरा जातींचे प्राणी तिथून जाताना टिपले गेले. आराखड्यातच या वाटा धरल्या तर खर्च परवडतो, रस्ता झाल्यावर मागायला गेलं की कुणी ऐकत नाही.

आमच्या गावाने उद्यापासून काय करावं?

गोठा वरूनही बंद हवा. नुसतं कुंपण पुरत नाही, बिबट्या सहज वर चढतो. शेळ्या उघड्यावर बांधू नयेत. अंधारात एकट्याने जाऊ नये, मोबाईलवर गाणी लावावीत, काठीला घुंगरू असलं तरी चालतं. लहान मुलांना संध्याकाळनंतर घराच्या मागच्या बाजूला एकटं सोडू नये. घर आणि ऊस यांत मोकळी पट्टी ठेवावी. बिबट्या दिसला तर पळू नये, वाकू नये, त्याची वाट अडवू नये. आणि गर्दी करू नये. जमावाने घेरलेला बिबट्या जे करतो तो हल्ला नसतो, सुटकेची धडपड असते, पण जखमा तशाच होतात.

अकोले तालुक्याकडचे महादेव कोळी आणि ठाकर दिवाळीत वाघबारस करतात, वाघोबाला नैवेद्य दाखवतात. पूजेने बिबट्या थांबत नाही, हे त्यांनाही कळतं. पण तो आहे, राहणार आहे आणि आपण जपून राहायचं आहे, ही समज त्या समाजात मुरलेली आहे. उसाच्या नव्या पट्ट्यात ती रुजायला वेळ लागतो आहे.

तोडणीत बछडे सापडले तर?

हात लावू नका. फोटोसाठी उचलू नका, घरी नेऊन दूध पाजू नका. तोडणी त्या भागात थांबवा, माणसं मागे घ्या आणि वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. आई जवळच, शेजारच्या फडात असण्याची शक्यता फार मोठी असते आणि तिला तुमचे आवाज ऐकू येत असतात.

वनखात्याची माणसं पशुवैद्यकाला घेऊन येतात. बछडे तपासतात, गोचिड्या काढतात. दिवस मावळायच्या सुमारास ज्या सरीत ती सापडली त्याच सरीत उघडायला सोपा असा प्लास्टिकचा क्रेट ठेवतात, समोर कॅमेरा लावतात आणि सगळे लांब जातात. मादी अंधार पडल्यावर येते. आधी लांबून वास घेते, क्रेटभोवती फिरते, पंजाने तो पाडते आणि एकेका पिल्लाची मान तोंडात धरून घेऊन जाते. कधी ती पहिल्या रात्री येत नाही, मग दुसऱ्या रात्री पुन्हा क्रेट ठेवतात. जुन्नर भागात अशा अनेक भेटी घडवून आणल्या गेल्या आहेत. पिल्लं मिळाली नाहीत तर तीच मादी त्या वस्तीभोवती रात्ररात्र फिरत राहते, चवताळलेली, आणि मग गावाला खरा धोका असतो. म्हणून त्या शेतातली तोडणी एक-दोन दिवस पुढे गेली तरी जाऊ द्या. कारखान्याच्या स्लिप बॉयला (तोडणीच्या पावत्या देणाऱ्याला) आणि मुकादमाला तसं सांगून ठेवा आणि कामगारांच्या कोप्या त्या दोन रात्री दुसऱ्या वावरात, उजेडाच्या जागी हलवा.